लुटुपुटूची लढाई

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या साताऱ्यात अजूनही पोरे माती शोधत हिंडू लागतात. कुठल्या तरी बांधकामावरून विटांचे तुकडे येतात, कुणाच्या परसातून पोतेभर माती येते, आणि बघता बघता अंगणाच्या कोपऱ्यात एक डोंगर उभा राहतो. यंदा आमच्या अंगणातले हे काम माझ्या नातवाकडे होते. वय वर्षे चौदा. पुण्याहून सुट्टीला आला तो एका हातात मावळ्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊनच. सकाळी उन्हे चढेपर्यंत तो बुरूज लिंपायचा, आणि हातपाय धुऊन झाले की माजघरात पालथा पडून दुसऱ्या लढाईला लागायचा. ह्या दुसऱ्या लढाईत शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, सापडेल ते शस्त्र उचलतात, आणि एकमेकांना टिपता टिपता अखेर एकच उरतो.

एकदा जेवायला हाक मारली, तर म्हणाला, "आजोबा, दोनच मिनिटं. आता तिघंच उरलेत."

"बाकीचे कुठे गेले?"

"मेले."

भात झाला असे सांगावे इतक्या सहजपणे तो हे बोलला. सूनबाई वाढत होत्या, त्यांचा हात थांबला. "बाबा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. ह्याला काही तरी सांगा. दिवसभर माणसं मारत असतो. उद्या ह्याला त्याचं काहीच वाटेनासं झालं तर?" त्यावर चिरंजीवांचे उत्तर तयार होते. "आई, उलट हे ट्रेनिंग आहे. मला एनडीएला जायचंय. मला आत्तापासून सगळ्या बंदुका ओळखता येतात."

त्या दोघांचे ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आईला भय होते आणि मुलाला आशा होती, परंतु दोघांची समजूत मुळात एकच होती: हा खेळ माणसाला लढाईसाठी घडवतो. आई म्हणत होती, म्हणून तो वाईट. मुलगा म्हणत होता, म्हणून तो चांगला. ही समजूतच खरी आहे की नाही, हे दोघांपैकी कुणीही पाहिले नव्हते. खरे सांगायचे तर मीही पाहिले नव्हते. त्या दिवशी पंक्तीत मी वडीलकीच्या नात्याने दोन गोलगोल वाक्ये बोललो आणि सुटका करून घेतली. पण मास्तरकीची खोड जात नाही. दुपारी झोप लागेना, तेव्हा कपाट उघडून बसलो. त्या चार दिवसांत जे चाळले आणि त्यावरून जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

लढाईचे खेळ ही काही ह्या शतकाची करणी नव्हे. आपल्या बुद्धिबळाचेच पाहा. त्याचे मूळ नाव चतुरंग, म्हणजे सेनेची चार अंगे: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास हा खेळ भारतातून इराणात गेला, तेथे त्याचा चतरंग झाला, अरबांकडे शतरंज झाला, आणि पुढे तो युरोपात पोहोचला. दुसऱ्या बाजूला आपल्या तालमींतले दांडपट्टा, लाठी आणि बोथाटी हे खेळ. बोथाटी म्हणजे टोकाला बोथट बोंडी लावलेला भाला. कोल्हापुरात हे मर्दानी खेळ अद्यापि जिवंत आहेत.

ह्या दोन जातींमध्ये फरक आहे, आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. दांडपट्टा हाताला शिकवतो. खेळणाऱ्याचा दम, त्याची पावले, मनगटाची फेक, सारे प्रत्यक्ष लढाईचेच असते. बुद्धिबळ हाताला काहीच शिकवत नाही, शिकवलेच तर डोक्याला शिकवते. शतरंजात निपुण असलेला नबाब घोड्यावर मांड ठोकू शकेलच असे नाही. तेव्हा एखादा खेळ लढाईसाठी घडवतो असे कुणी म्हणाले की पहिला प्रश्न असा विचारावा: काय घडवतो? हात, डोके, की काळीज?

डोक्यापासून सुरुवात करू, कारण तेथला पुरावा सर्वांत जुना आहे. प्रशियात रायस्वित्झ नावाचे एक सरदार होते. १८१२ साली त्यांनी आपल्या राजाला एक विलक्षण मेज नजर केले. त्यावर डोंगर, नद्या, गावे दाखवणारे ठोकळे मांडता येत आणि त्या भूमीवर सैन्याची प्यादी हलवता येत. त्यांचा मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने १८२४ साली ह्या खेळाला निराळे रूप दिले. मेज गेले आणि १:८००० प्रमाणाचे खरे नकाशे आले. पटावर निळी आणि तांबडी अशा दोन सेना, मध्ये निवाडा करणारा पंच, आणि दैवाचा भाग दाखवण्यासाठी फासे. सेनेचे मुख्याधिकारी म्युफलिंग प्रथम कंटाळलेल्या चेहऱ्याने बघायला बसले, आणि खेळ रंगात आला तेव्हा, हा खेळ नव्हे, हे तर युद्धाचे शिक्षण आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले, अशी कथा सांगतात. ह्या तरुण रायस्वित्झचा शेवट मात्र दुःखद झाला. १८२७ साली त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. पुढे प्रशियाने १८६६ साली ऑस्ट्रियाला आणि १८७०-७१ साली फ्रान्सला हरवले, तेव्हा साऱ्या युरोपातील सेनापतींना ह्या पटाची आठवण झाली आणि ज्याने त्याने आपापल्या कचेरीत तो मांडला.

म्हणजे खेळातून युद्धाचे डोके घडते, हे खरेच. पण त्याला एक अट आहे. पट प्रामाणिक हवा आणि पंच निःस्पृह हवा. १९४२ सालच्या मे महिन्यात जपानी नौदलाने मिडवेच्या मोहिमेची रंगीत तालीम पटावर केली. तिची हकीकत त्याच नौदलातील अधिकाऱ्यांनी नंतर लिहून ठेवली आहे. फाशांच्या निवाड्याप्रमाणे अमेरिकी विमानांनी जपानच्या दोन विमानवाहू नौका बुडवल्या. तेव्हा तालमीचे प्रमुख अॅडमिरल उगाकी ह्यांनी हस्तक्षेप केला, लागलेल्या बॉम्बांची संख्या नवावरून तीनवर आणली आणि एक नौका वाचवली. दुसरी बुडाली खरी, पण पुढच्या डावात तीही पुन्हा पटावर हजर झाली. महिनाभरात, जून १९४२ मध्ये, खऱ्या समुद्रावर जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या, आणि त्यांतली एकही वर आली नाही. ह्या गोष्टीची आठवण मला पुढे पुन्हा करून द्यायची आहे.

ह्याच खेळाची एक निराळी बाजूही आहे. एच. जी. वेल्स हा इंग्रज लेखक आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. त्याने १९१३ साली शिशाचे शिपाई आणि स्प्रिंगच्या तोफा घेऊन घरातल्या फरशीवर खेळायच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. हा गृहस्थ युद्धखोर नव्हता. त्याचे म्हणणे असे की, तीन-चार वेळा फरशीवर ही लढाई खेळून पाहा, म्हणजे खरे महायुद्ध हा केवढा गोंधळ असेल ते कळेल. पुढच्याच वर्षी, १९१४ साली, ते महायुद्ध आले. वेल्सच्या खेळाने ते आणले नाही आणि त्याच्या उपदेशाने ते थांबलेही नाही. युद्धाची कारणे खेळण्यांच्या पेटीत नसतात.

आता काळजाकडे वळू. सूनबाईंची भीती हीच होती, आणि ह्या वादाचा गाभाही येथेच आहे.

१९४७ साली अमेरिकेच्या एस. एल. ए. मार्शल नावाच्या लष्करी इतिहासकाराने एक पुस्तक लिहून खळबळ उडवली. दुसऱ्या महायुद्धात शत्रू समोर असतानाही शंभरातले फक्त पंधरा ते पंचवीस शिपाई बंदूक झाडत होते, असा त्याचा दावा होता. सामान्य माणसाला माणूस मारणे जड जाते, असे त्याचे निदान. त्यानंतर १९५० च्या दशकात अमेरिकी सेनेने चांदमारीची पद्धत बदलली. पूर्वी गोल ठिपक्याच्या लक्ष्यावर सावकाश नेम धरायचा असे; आता माणसाच्या आकाराची फळी एकाएकी उभी राही, क्षणात गोळी झाडायची, नेम लागला की फळी आडवी. पुढे डेव्ह ग्रॉसमन ह्या निवृत्त लेफ्टनंट कर्नलने १९९५ साली आपल्या पुस्तकात ह्या साऱ्यावरून सिद्धांत मांडला की, अशा सरावामुळेच कोरियात गोळी झाडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि व्हिएतनामात ते नव्वदांच्या पुढे गेले. आणि आज पडद्यावरचे खेळ हेच शिक्षण मुलांना देत आहेत, तेही वर सुभेदार नसताना. १९९९ साली एप्रिल महिन्यात अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. दोघेही ‘डूम’ हा खेळ खेळणारे निघाले, आणि हा सिद्धांत घरोघर पोहोचला.

युक्तिवाद मोठा भारदस्त आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने पायापासून तपासावे. १९८८ साली रॉजर स्पिलर ह्या इतिहासकाराने मार्शलची टिपणे धुंडाळली, तेव्हा ते टक्के ज्यांवरून काढता यावेत अशा कसल्याही नोंदी त्याला आढळल्या नाहीत. मार्शलने शेकडो शिपायांशी बोलणी केली होती हे खरे. परंतु कोणी गोळी झाडली आणि कोणी नाही ह्याची मोजदाद केल्याचा मागमूस नाही. म्हणजे ज्या आकड्यावर पुढचे मजले चढले, तो पायाच अंदाजाचा. आणि क्षणभर तो खरा धरला तरी काय? चांदमारीवर शिपायाच्या हाती खरी बंदूक असते, अंगावर वर्दी असते, शेजारी पलटणीतले भाऊबंद असतात, मागे हुकूम देणारा असतो, आणि आपण उद्या खरोखर लढणार आहोत ही जाणीव असते. ह्या सगळ्यांतून फक्त उभी राहणारी फळी वेगळी काढून, सारा परिणाम तिचाच, असे म्हणणे म्हणजे पंचपक्वान्नांच्या जेवणातून मिठाला पोट भरल्याचे श्रेय देणे होय.

मग प्रत्यक्ष तपासणी काय सांगते? २०१२ साली ओहायोतील एका अभ्यासाचा मोठा गाजावाजा झाला होता. १५१ विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी पिस्तुलाच्या आकाराचे यंत्र हाती धरून माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ खेळला, त्यांनी नंतर पुतळ्याच्या डोक्यावर अधिक नेम साधले, असा त्याचा निष्कर्ष होता. आकड्यांत विसंगती दिसली, मूळ नोंदी मिळेनात, आणि २०१७ साली नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. कॅलिफोर्निया राज्याने असे खेळ मुलांना विकण्यास बंदी घालणारा कायदा २००५ साली केला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सातास दोन मतांनी तो रद्द केला. खेळामुळे मुले हिंसक होतात हे राज्याला दाखवता आले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली चौदा-पंधरा वर्षांच्या १००४ ब्रिटिश मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. मुलांचे वर्तन त्यांच्या पालकांना विचारले, आणि खेळ किती हिंसक हे मुलांवर न सोपवता अधिकृत वर्गवारीवरून ठरवले. हिंसक खेळ आणि आक्रमक वागणे ह्यांचा संबंध त्यांना आढळला नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली आपली भूमिका स्पष्ट केली ती अशी: आरडाओरडा, ढकलाढकली असल्या किरकोळ आक्रमकतेशी थोडासा संबंध दिसतो, खऱ्या हिंसाचाराचे खापर ह्या खेळांवर फोडण्यास मात्र आधार नाही.

उलट बाजूचा साक्षीदारही ऐकला पाहिजे. नॉर्वेत २०११ साली ज्या माथेफिरूने ७७ माणसे मारली, त्याने पुढे न्यायालयात सांगितले की आपण एका युद्धखेळावर नेमाचा सराव केला होता. पण हा मनुष्य खऱ्या पिस्तुलाच्या क्लबचाही सभासद होता. आणि तोच खेळ जगात लाखो जण खेळत होते, ते संध्याकाळी जेवून झोपी जात होते. जपान आणि दक्षिण कोरिया ह्या देशांत हे खेळ घरोघर आहेत, आणि बंदुकीने होणारे खून तेथे अगदीच थोडे आहेत. तेव्हा काळजाबाबत माझा निवाडा सूनबाईंना दिलासा देणारा आहे. अमुक खेळ खेळला म्हणून माणूस मारण्याची तयारी होते, हे कुणालाही सिद्ध करता आलेले नाही.

आईची भीती गेली. पण त्याच न्यायाने मुलाची आशाही जाते. आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीत अठ्ठावीस वर्षे काढलेली. संध्याकाळी ते किल्ला बघायला आले, तेव्हा मी नातवाचा दावा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्याच्याकडून मोबाइल घेतला, चष्मा कपाळावर सरकवून पाच मिनिटे खेळ पाहिला आणि परत दिला.

"मास्तर," ते मला म्हणाले, "ह्यात खंदक खणायचा कुठं आहे?"

नातू हसला. सुभेदार हसले नाहीत. "बाळ, फौजेत आम्ही गोळी झाडली त्याच्या शंभरपट माती उपसली. पाठीवर वीस-पंचवीस किलो घेऊन चढायचं, पायाला फोड आले तर मोजे बदलायचे, पाणी पुरवायचं, रात्रभर पहारा द्यायचा आणि काही म्हणजे काही घडत नाही. महिनामहिना घडत नाही. त्याच्यात डोळा मिटू न देणं, ही शिपाईगिरी."

"पण नेमबाजी तर येते ना?" नातवाने विचारले.

"नेम शिकवायला उस्तादाला महिना पुरतो. हुकूम नसताना गोळी झाडायची नाही, हे शिकवायला वर्ष लागतं. तुझ्या खेळात थांबला तो मेला. आमच्याकडं ज्याला थांबता येत नाही, त्याच्या हाती बंदूक देत नाहीत."

मी चार दिवस ग्रंथ चाळून जे गोळा केले, त्याहून हे एक वाक्य वजनदार होते, हे कबूल करतो. हाताविषयीचा जो थोडा पुरावा आहे तोही सुभेदारांच्याच बाजूने जातो. हे वेगवान खेळ खेळणाऱ्यांची नजर पडद्यावरच्या हालचाली अधिक चटकन टिपते, असे २००३ साली एका नामांकित विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणजे डोळा तरबेज होतो. पण बंदुकीचे वजन, खांद्याला बसणारा दणका, धापा टाकत धरलेला नेम, ह्यांतले अंगठ्याला काही कळत नाही. आमच्या मराठा पलटणीतील नामदेव जाधवांना १९४५ सालच्या एप्रिलात इटलीतल्या सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सुरुंग पेरलेल्या जागेतून आणि पाण्यातून त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक उचलून सुखरूप जागी आणले, आणि मग एकट्याने परत जाऊन शत्रूची ठाणी मोडली. त्यांनी लहानपणी कुठले खेळ खेळले असतील ते असोत. ज्या गोष्टीने त्यांना त्या पाण्यात परत पाठवले, ती पडद्यावर साठवता येत नाही.

मग सेनांना ह्या खेळांत इतका रस का? कारण रस आहे हे निश्चित. १९८० साली अटारी कंपनीचा रणगाड्यांचा ‘बॅटलझोन’ हा खेळ निघाला, तेव्हा अमेरिकी सेनेने आपल्या चिलखती गाडीवरील तोफचीसाठी तो बदलून मागितला. खेळ लिहिणारा एड रॉटबर्ग नाराज होता. पुन्हा असले काम देणार नसाल तरच करीन, ह्या बोलीवर त्याने ते केले. पुढे १९९६ साली अमेरिकेच्या मरीन सैनिकांनी ‘डूम’चाच दुसरा भाग घेऊन त्यातले राक्षस काढून टाकले आणि चार जणांच्या तुकडीचा सराव त्यावर बसवला. त्यात शिकवायचे होते ते असे: एकाने पुढे जाताना दुसऱ्याने आड करायची, गोळ्या जपून वापरायच्या, म्होरक्या पडला तर पुढे कोणी व्हायचे. म्हणजे पुन्हा डोक्याचेच शिक्षण, रायस्वित्झच्या पटाचेच; शेजारी सार्जंट उभा असतानाचे.

पण खरा कावा निराळाच होता. १९९९ साली अमेरिकी सेनेला ठरलेल्या संख्येइतके रंगरूट मिळाले नाहीत. त्यातून कर्नल केसी वॉर्डिन्स्की ह्यांच्या डोक्यातून ‘अमेरिकाज आर्मी’ हा खेळ निघाला. ४ जुलै २००२ रोजी, म्हणजे त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, तो फुकट वाटायला सुरुवात झाली आणि जवळजवळ वीस वर्षे, २०२२ पर्यंत, तो चालला. खेळ नीटनेटका होता. आपल्याच माणसावर गोळी झाडली तर खेळणाऱ्याची रवानगी पडद्यावरच्या तुरुंगात होई. त्यातल्या प्रथमोपचाराच्या वर्गामुळे एका तरुणाने २००७ साली रस्त्यावरच्या अपघातात जखमींना मदत केली, हेही खरे. त्यात वर्गाइतकेच ज्ञान होते आणि ते ज्ञान तेवढ्यापुरते उपयोगी पडले. पण त्यातली एक योजना पाहून मी थक्क झालो. दोन बाजू एकमेकांशी लढत, आणि प्रत्येक बाजूला पडद्यावर आपण अमेरिकी शिपाई दिसत असू, समोरचे मात्र परके. दोन्हीकडचे तसेच. कुणालाही शत्रू व्हावे लागू नये, अशी ही सोय! आणि रक्त अगदी जेमतेम, कारण खेळ तेरा वर्षांच्या मुलांना दाखवायचा होता.

येथे माझ्या मनातला गुंता सुटला. सेनेला पक्के ठाऊक होते की खेळाने शिपाई होत नाही. झाला असता तर तिने छावण्या बंद केल्या असत्या. खेळाने होते ते युद्धाचे चित्र. हात, डोके, काळीज ह्या तिघांखेरीज एक चौथी गोष्ट मी विसरलो होतो: नजर. युद्ध म्हणजे काय, ते कसे दिसते, त्यात मेलेल्याचे पुढे काय होते, ह्याविषयीची नजर. मिडवेच्या पटावरची ती बुडालेली नौका आठवा. अॅडमिरल उगाकींनी फासा फिरवला तो काही क्रूरपणाने नव्हे. आपली नौका बुडू शकते हे त्यांना पाहवले नाही, एवढेच. आजच्या प्रत्येक युद्धखेळात मेलेला शिपाई चार क्षणांत नाही तर पुढच्या डावात उठून उभा राहतो. त्याला आई नसते, गाव नसते, पेन्शन नसते. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली. त्या गावाला युद्ध म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ज्यांनी ते फक्त पडद्यावर पाहिले, त्यांना सांगावे लागते. उद्या लढाईची भाषा निघाली की टाळ्या कोण वाजवणार आणि उंबऱ्यात कोण उभे राहणार, हे ह्या नजरेवर ठरते.

आणि गंमत अशी, गंमत म्हणवत नाही, की खेळ युद्धासारखा होण्याऐवजी आता युद्धच खेळासारखे होऊ लागले आहे. अमेरिकेच्या नेवाडातील वाळवंटात खोलीत बसून हजारो मैलांवरचे विमान चालवणारे वैमानिक आहेत. त्यांना कोणी खेळाडू म्हणून हिणवले, तरी २०१३ साली अमेरिकी सेनेच्याच पाहणीत दिसले की त्यांच्यातील मनोविकारांचे प्रमाण खऱ्या विमानात बसणाऱ्यांइतकेच आहे. पडदा असला तरी काळीज ओळखते. युक्रेनमध्ये तरुण डोळ्यांवर चष्मे चढवून छोटी ड्रोन विमाने शत्रूवर घालतात, आणि २०२४ पासून तेथे तुकड्यांना मारलेल्या लक्ष्यांचे गुण मिळतात. चित्रफीत तपासून गुण द्यायचे आणि गुणांच्या बदल्यात नवी सामग्री घ्यायची. ज्या देशावर आक्रमण झाले आहे, त्याने हाती येईल त्या युक्तीने लढावे, ह्याला मी नावे ठेवणारा कोण? पण ‘गुण’ हा शब्द वाचून मला माझ्या प्रगतिपुस्तकांची आठवण झाली आणि अंगावर काटा आला.

एक गोष्ट मात्र मनाला बरी वाटली, ती सांगितलीच पाहिजे. शिपायांचा सराव करून घ्यायला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील एका संस्थेच्या मदतीने एक खेळ तयार झाला होता, २००४ साली तो बाजारातही आला. त्याच खेळातले रस्ते, घरे आणि धूळ घेऊन पुढे तेथल्याच मानसशास्त्रज्ञांनी युद्धावरून परतलेल्या, रात्री दचकून उठणाऱ्या शिपायांसाठी उपचार बसवला. डोळ्यांवर तो पडदा लावून शिपाई वैद्याच्या सोबतीने पुन्हा त्या रस्त्याने जातो, थांबतो, बोलतो, आणि हळूहळू त्या रस्त्याची दहशत ओसरते. साधन तेच. शेजारी कोण बसले आहे, ह्यावर सारे अवलंबून.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी नातवाला बोलावले. मोबाइल हिसकावून घेतला नाही. म्हटले, "चल, तुझ्या किल्ल्यावरची माणसं मोजू." आम्ही मोजली. मावळे अकरा. बाकीचे कोण? सिंहासनावर महाराज, दरवाज्यात एक हत्ती, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, दुधाची चरवी घेतलेली गवळण, औत हाकणारा शेतकरी, भाजीवाली, एक वासुदेव, एक कुत्रे आणि खाली हाळीवाचे हिरवेगार शेत. लढणाऱ्यांच्या जोडीला न लढणारेही पुष्कळ. पिढ्यान्‌पिढ्या मुले हा किल्ला करत आली, कुणी त्यांना नियम शिकवला नाही, तरी विहीर आणि शेत कुणी विसरत नाही.

"आता तुझ्या त्या बेटावर गवळण कुठे आहे सांग," मी म्हणालो.

त्याने थोडा विचार केला. "घरं आहेत आजोबा. पण आत कुणीच राहत नाही."

"मग शंभर जण लढतात कशासाठी?"

तो काही बोलला नाही. इतक्यात सुभेदार फराळाला आले, चपला काढता काढता त्यांनी किल्ल्याकडे पाहिले आणि नातवाला म्हणाले, "दरवाज्यावर पहारा एकच ठेवलाहेस रे. रात्री त्याला बदली कोण देणार?" पोरगा उठला आणि पिशवीतून बारावा मावळा शोधू लागला.